एकाच डिस्ट्रिक्टमधली तीन प्री-के: निवड कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. या उन्हाळ्यात तुम्ही टेक्सासमधल्या एका उपनगरात राहायला जाताय. मुलगा जुलैत चार वर्षांचा होईल. घरात मराठीच चालतं, त्याला इंग्रजी जवळजवळ येत नाही. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, तीन सरकारी प्री-के (पहिलीआधीच्या किंडरगार्टनच्याही आधीचे वर्ग) तुमच्यासमोर आहेत: घराजवळच्या एलिमेंटरी शाळेतला वर्ग, जिचं रेटिंग 9 आहे; चार मैलांवरचं अर्ली चाइल्डहुड सेंटर, ज्याला रेटिंगच नाही; आणि तिसऱ्या एका शाळेत हेड स्टार्ट या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाच्या जोडीने चालणारा वर्ग, ज्याबद्दल ओळखीतलं कुणीतरी "ते आपल्यासाठी नाही" म्हणालं. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय फॉर्मवर घरची भाषा इंग्रजी लिहावी का, म्हणजे मुलाला वेगळं काढणार नाहीत, हीही एक शंका आहे.

मी टेक्सासमध्येच, पण दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, बरीच वर्षं प्री-के शिकवते. आधी फॉर्मबद्दल सांगते, कारण तिथे गडबड झाली तर निवड करायची वेळच येणार नाही.

टेक्सासमध्ये सरकारी प्री-के सगळ्यांना फुकट मिळत नाही. 1 सप्टेंबरला चार वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि ठरलेल्या निकषांपैकी निदान एकात मूल बसावं लागतं. कमी उत्पन्न, बेघर असणं, फॉस्टर केअर, आई-वडील सैन्यात असणं असे ते निकष आहेत. त्यातलाच एक म्हणजे मुलाला इंग्रजी बोलता आणि समजता न येणं. या निकषाला उत्पन्नाची अट नाही. तुमचा पगार कितीही असो, मुलगा त्यात बसत असेल तर त्याला जागा फुकट मिळू शकते, आणि 2019 च्या कायद्यामुळे पात्र चार वर्षांच्या मुलांसाठी ती पूर्ण दिवसाची असणं अपेक्षित आहे. आपल्या लोकांना हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. ते थेट फी भरून घ्यायच्या जागांच्या यादीत नाव घालतात, महिन्याला काहीशे डॉलर देतात, किंवा खाजगी डेकेअर शोधायला लागतात.

नाव नोंदवताना होम लँग्वेज सर्व्हे नावाचा एक कागद भरून घेतात. घरात कोणती भाषा जास्त वापरली जाते, मूल कोणती वापरतं, असं त्यात विचारतात. खरं तेच लिहा. मराठी लिहिलंत की मुलाची इंग्रजीची एक छोटी तोंडी चाचणी होते, चित्रं दाखवून वगैरे, आणि त्यावर पात्रता ठरते. इंग्रजी लिहिलंत तर ती चाचणीच होत नाही आणि तो निकष हातचा जातो. नंतर दुरुस्ती करायला मुभा फार थोडी असते, म्हणून तो कागद रांगेत उभं राहून घाईत भरू नका.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाचणीत इंग्रजी कमी पडलं की त्याची नोंद "इमर्जंट बायलिंग्वल", म्हणजे घरी दुसरी भाषा असलेलं आणि इंग्रजी अजून शिकणारं मूल, अशी होते आणि ती लगेच पुसली जात नाही. प्री-के आणि किंडरगार्टनमध्ये ती काढता येत नाही. पहिलीच्या अखेरीपासून ते शक्य होतं. तोवर किंडरगार्टनपासून दरवर्षी इंग्रजीची एक राज्यपातळीची चाचणी द्यावी लागते. काही पालकांना हे खटकतं. माझ्या मते यात मुलाचं नुकसान नाही. या नोंदीमुळे शिक्षिकेवर भाषेची मदत करण्याची जबाबदारी येते, आणि नव्याने इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला ती मदत हवीच असते. फक्त एक विचारून ठेवा: त्या शाळेतले बायलिंग्वल वर्ग स्पॅनिश-इंग्रजी असतील, टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तर तुमचा मुलगा ईएसएल वर्गात, म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांना इंग्रजीतूनच शिकवणाऱ्या वर्गात, जाणार ना?

आता रेटिंगकडे वळू. तुमच्या घराजवळच्या शाळेचं 9 हे रेटिंग मुख्यतः राज्याच्या परीक्षांवर ठरतं आणि टेक्सासमध्ये ती परीक्षा, म्हणजे स्टार, तिसरीपासून सुरू होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी वाचनात आणि गणितात काय केलं, हे तो आकडा सांगतो. त्याच इमारतीतल्या चार वर्षांच्या मुलांच्या खोलीत काय चालतं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अर्ली चाइल्डहुड सेंटरमध्ये तिसरीचा वर्गच नसतो, त्यामुळे त्याला रेटिंग मिळायला जागाच नाही. रिकाम्या रकान्यावरून तुम्ही जो अंदाज बांधलात तो सोडून द्या.

तसंही या वयाच्या शिक्षणाची परीक्षा परीक्षांनी होत नाही. बॉस्टनमध्ये 1997 ते 2003 या काळात सरकारी प्री-केच्या जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या जात, म्हणून पुढे संशोधकांना जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची सरळ तुलना करता आली. जागा मिळालेल्या मुलांना शाळेतल्या चाचण्यांत जास्त गुण पडले असं दिसलं नाही, पण मोठेपणी कॉलेजला जाण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. टेनेसीत मात्र उलट झालं. तिथेही चिठ्ठीनेच जागा मिळाल्या होत्या, आणि 2022 मध्ये आलेल्या अभ्यासात प्री-केला गेलेली मुलं सहावीपर्यंत गुणांत आणि शिस्तीच्या नोंदींत, न गेलेल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली. दोन्ही कार्यक्रम सरकारी, दोन्ही मोफत, दोन्हींचं नाव प्री-के. म्हणून "सरकारी प्री-के चांगलं असतं का" या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, एकाच कॉरिडॉरमध्येसुद्धा, दोन खोल्यांमध्ये एवढा फरक पडू शकतो. तुम्ही शाळांची तुलना करताय. करायची आहे ती खोल्यांची, आणि त्यातल्या मोठ्या माणसांची.

हेड स्टार्टबद्दल तुमच्या ओळखीतली व्यक्ती जे म्हणाली, त्यातला एक भाग खरा आहे. 1965 साली सुरू झालेला हा केंद्र सरकारचा कार्यक्रम मुख्यतः गरीब कुटुंबांसाठी आहे. उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या वर असेल तर तुम्हाला त्यात जागा बहुधा मिळणार नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत हा पर्याय कागदावरच राहण्याची शक्यता जास्त आहे. पण "गरिबांसाठी" म्हणजे दुय्यम, हा समज चुकीचा आहे. चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात 20 पेक्षा जास्त मुलं नकोत, सोबत दोन मोठी माणसं हवीत, नाव घातल्यापासून 45 दिवसांत मुलाची विकासाची, दृष्टीची आणि श्रवणाची प्राथमिक तपासणी व्हायला हवी, शिक्षिकेने वर्षात निदान दोनदा घरी यायला हवं, असे तिथले नियम आहेत. टेक्सासच्या साध्या प्री-केचे नियम याहून सैल आहेत. तिथे वर्गात 22 मुलं चालतात, आणि सरासरी 11 मुलांमागे एक मोठं माणूस असावं यासाठी डिस्ट्रिक्टने प्रयत्न करावा एवढंच म्हटलंय. काही ठिकाणी डिस्ट्रिक्टची आणि हेड स्टार्टची मुलं एकाच वर्गात बसतात आणि नियम हेड स्टार्टचे लागतात. तुमच्याकडचा वर्ग तसा मिश्र असेल आणि तिथे जागा मिळत असेल तर नक्की घ्या.

त्या 11 च्या प्रयत्नावरून एक प्रश्न निघतो, तो तिन्ही ठिकाणी विचारा: मदतनीस, म्हणजे एड, पूर्ण दिवस याच वर्गात असते की दोन-तीन वर्गांत वाटलेली असते? "आमच्याकडे एड आहे" हे उत्तर पुरेसं नाही. सकाळी दीड तास एका वर्गात, मग जेवणाच्या हॉलमध्ये ड्युटी, मग दुसऱ्या वर्गात, असं तिचं वेळापत्रक असेल तर दुपारी 20-22 मुलांमागे एकटी शिक्षिका उरते. एखाद्या मुलाने कपडे ओले केले की बाकीच्यांचं काम तिथेच थांबतं. नव्या भाषेत गोंधळलेल्या मुलासाठी हा मुद्दा भिंतीवरच्या कुठल्याही सजावटीपेक्षा महत्त्वाचा आहे.

खोली बघायला मिळणं हे शाळेवर अवलंबून असतं. सुरक्षेच्या कारणाने चालू वर्गात बाहेरच्यांना बसू देत नाहीत असं पुष्कळदा होतं. पण वसंतात प्री-के राऊंडअप, म्हणजे नाव नोंदवायचा दिवस, असतो, कॅम्पस टूर असते, आणि फोन करून नम्रपणे विचारलं तर दारातून दहा-पंधरा मिनिटं बघू देणारे प्रिन्सिपलही भेटतात. तेवढा वेळ मिळाला तर काय बघायचं, ते एका उदाहरणाने सांगते.

समजा एक मुलगा ठोकळ्यांचा उतार करतोय आणि त्यावरून गाडी सोडतोय. गाडी दरवेळी कडेला घसरून पडते. एका खोलीत शिक्षिका येते, विचारते, हा ठोकळा कुठल्या रंगाचा? मुलगा म्हणतो, निळा. "गुड जॉब" म्हणून ती पुढच्या टेबलावर जाते. दुसऱ्या खोलीत शिक्षिका जमिनीवर बसते. थोडा वेळ नुसतं बघते. म्हणते, पुन्हा याच बाजूला पडली की, आता काय करून बघू या? आणि गप्प राहते. मुलगा एक शब्द बोलत नाही, पण एक ठोकळा उचलून कडेला लावतो. ती म्हणते, अच्छा, तू कठडा केलास, आता गाडी पडणार नाही. मुलाला तिथल्या तिथे एक नवा शब्द मिळाला, ज्या क्षणी त्याला त्याची गरज होती त्याच क्षणी. तुमचा मुलगा इंग्रजी शिकणार आहे तो अशाच शेकडो क्षणांतून. दोन्ही खोल्यांत एबीसीचे तक्ते सारखेच असतील, अभ्यासक्रमाचं नावही एकच असेल.

वर्ग बघणारे प्रशिक्षित निरीक्षक क्लास नावाची एक पद्धत वापरतात. त्यात मुलांना मिळणारा भावनिक आधार, वर्गाची घडी, आणि विचाराला चालना देणारं बोलणं अशा तीन बाजूंना 1 ते 7 गुण असतात. हेड स्टार्टच्या वर्गांत वर्षानुवर्षं सगळ्यात कमी गुण पडतात ते तिसऱ्या बाजूला. प्रेमळ शिक्षिका पुष्कळ असतात. मुलाच्या उद्योगात शिरून त्याच्याशी बोलणाऱ्या कमी, म्हणून शोधायचं ते तेच.

दिवसाचं वेळापत्रकही मागा. सेंटर टाइम, म्हणजे मुलं आपापल्या निवडीने खेळतात-करतात तो वेळ, सलग पाऊण-एक तास आहे की वीस-वीस मिनिटांचे तुकडे आहेत? बाहेर खेळणं रोज आहे ना? आणि वर्ग बघायला मिळाला तर रांगांकडे लक्ष द्या. बाथरूमची रांग, हात धुण्याची रांग, कॅफेटेरियाची रांग. मोठ्या एलिमेंटरी शाळेत प्री-केच्या मुलांना सगळीकडे लांब चालावं लागतं, मोठ्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि त्यातच दिवसाचा बराच भाग जातो. अर्ली चाइल्डहुड सेंटरची इमारतच लहान मुलांसाठी असते: पुष्कळदा बाथरूम वर्गाला लागून, टेबलं-बेसिनं बुटकी, मैदानावर पाचवीची मुलं नाहीत. शिवाय तिथली प्रिन्सिपल फक्त या वयाचा विचार करते. पाचवीपर्यंतच्या शाळेत स्टारच्या दिवसांत साऱ्या इमारतीचं लक्ष तिकडे लागलेलं असतं आणि कोपऱ्यातला प्री-के वर्ग आपला आपण चाललेला असतो. अर्थात हे दरवेळी असंच असेल असं नाही. एखाद्या एलिमेंटरीत वीस वर्षं मुरलेली प्री-केची शिक्षिका असते आणि तिच्या वर्गाला तोड नसते. म्हणून तर खोली बघायची.

आता मुलाच्या बोलण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजी मला तिथे दिसते. मराठीच बोलणारं मूल इंग्रजी वर्गात गेलं की काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतं. या काळात ते ऐकतं, बघतं, बाकीचे उठले की उठतं. घरी येऊन मात्र वर्गातलं गाणं म्हणतं. हे नेहमीचं आहे. शिक्षिकेला हे माहीत आहे का, ते एका प्रश्नातून कळतं: "इंग्रजी न येणारं मूल पहिल्या महिन्यात तुम्ही कसं सांभाळता?" चित्रांचं वेळापत्रक, बोट दाखवून निवड करू देणं, एखादा समजूतदार जोडीदार देणं, तेच तेच शब्द रोज त्याच जागी वापरणं, असं काही ठोस उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण. "लहान मुलं पटकन शिकतात, काळजी करू नका" एवढंच आलं तर मी दुसरी खोली बघेन.

माझ्या वर्गात असं मूल आलं की मी पालकांकडून त्याच्या घरच्या शब्दांची यादी मागते आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावते. शू, शी, पाणी, नको, दुखतंय, आई कधी येणार. प्रत्येकापुढे उच्चार रोमन लिपीत, म्हणजे एडलाही वाचता येतो. तुम्ही ही यादी न मागता द्या, आणि त्यात मुलाचे स्वतःचे शब्द घाला, शब्दकोशातले नकोत. बाहेर जायला तो "भूर" म्हणत असेल तर "भूर" लिहा. पहिल्या आठवड्यात रडताना त्याच्या तोंडून जे येईल, ते समोरच्या बाईला कळलं पाहिजे.

इंग्रजीची तयारी म्हणून घरात मराठी बंद करू नका. गोष्टी सांगणं, "का" ला उत्तर देणं, काल काय झालं ते आठवून बोलणं, हे तुम्ही मराठीत जितकं भरभरून कराल तितकं त्याला वर्गात उपयोगी पडेल. मात्र मराठीतही तो वयाच्या मानाने फार कमी बोलत असेल, साध्या सूचना कळत नसतील, तर ते नव्या भाषेवर ढकलू नका. डिस्ट्रिक्टला लेखी विनंती करा. टेक्सासमध्ये त्यांना 15 शाळेच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तुमच्या संमतीनंतर तपासणी साधारण 45 शाळेच्या दिवसांत पुरी करावी लागते, ती मोफत असते, आणि शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेतच करायची असते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पूर्ण दिवस म्हणजे तुमच्या ऑफिसचा दिवस नव्हे. शाळा दुपारी अडीच-तीनला सुटते. पुढची सोय त्याच इमारतीत आहे का आणि ती प्री-केच्या मुलांना घेतात का, हे वेगळं विचारा, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. प्री-केला बस असेलच असं धरू नका. शाळेत नाश्ता-जेवण मिळतं, पण शाकाहारी असाल तर काय चालत नाही ते लेखी द्या आणि सुरुवातीला डबा द्या. डब्याचं झाकण त्याचं त्याला उघडता यायला हवं. पँटचं बटणही.

भारतात जायचा बेत असेल तर एक नियम ध्यानात ठेवा. प्री-के सक्तीचं नाही, पण एकदा नाव घातलं की हजेरीचे नियम लागू होतात. डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा आठवडे गेलात तर नाव कमी होऊन जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला जाऊ शकते. तिकीट काढण्याआधी शाळेच्या ऑफिसला विचारा.

आणि घराजवळच्या शाळेत प्री-के घेतलं म्हणून किंडरगार्टनची जागा पक्की होत नाही, किंवा सेंटरमध्ये गेलात म्हणून ती जातही नाही. किंडरगार्टनची शाळा सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते. सेंटर निवडलंत तर वर्षभराने इमारत बदलेल एवढंच. या वयाची मुलं ते निभावून नेतात.

तुमच्या जागी मी असते तर, आणि खोली बघायची काहीच सोय नसती तर, अर्ली चाइल्डहुड सेंटरला पहिली पसंती दिली असती. तिथे या वयाच्या वर्गांची संख्या जास्त असते, त्यामुळे ईएसएलची जाण असलेली शिक्षिका मिळण्याची शक्यता वाढते, आणि एकीचं वर्गाशी जमलं नाही तर शेजारी मदत असते. जवळच्या शाळेत पूर्ण वेळ एड असलेला आणि मुरलेल्या शिक्षिकेचा वर्ग आहे असं कळलं तर मात्र मी मत बदलेन. चार मैल गाडीने रोज दोनदा जाणं तुमच्यापैकी कुणाला झेपणार नसेल तरी बदलेन, कारण दर आठवड्याला एक-दोन दिवस बुडणारं चांगलं प्री-के मुलाच्या कामाचं नाही.

डिस्ट्रिक्ट तुम्हाला पसंती विचारेल की जागा असेल तिथे नेमून देईल, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं. पुढच्या वर्षाची नोंदणी साधारण वसंतात उघडते आणि चांगल्या जागा मे महिन्यापर्यंत भरतात, म्हणून घरभाड्याचा करार हातात आला की त्याच आठवड्यात फोन करा. करार, वीज किंवा पाण्याचं बिल, मुलाचा जन्मदाखला, लसींची नोंद आणि तुमचं ओळखपत्र एवढं तयार ठेवा. भारतातल्या लसींच्या कार्डात कांजिण्यांची लस आणि हेपेटायटिस ए पुष्कळदा नसते आणि टेक्सासमध्ये दोन्ही लागतात. निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून ते बघून घ्या, म्हणजे ऑगस्टमध्ये इथे अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागणार नाही.